पेटीची किल्ली कुणाकडे?

‘प्रथमोपचार’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा वाचला तो शाळेच्या पुस्तकात नव्हे, एसटीत. ड्रायव्हरच्या जवळपास एक छोटी पेटी आणि तिच्यावर रंगवलेली ती अक्षरं. विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या गाडीत उभ्यानं प्रवास करताना दुसरं वाचायला काही नसायचं, म्हणून मी तो शब्द शेकडो वेळा वाचला आहे. कविता लिहिणाऱ्याला शब्द उलटसुलट करून बघायची खोड असते. ‘उपचार’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक इलाज. दुसरा, रीत म्हणून उरकायची गोष्ट. ‘उपचार म्हणून बोलावलं’ असं आपण म्हणतो ना, तो. कामाच्या ठिकाणचा प्रथमोपचार या दोन अर्थांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो आहे. आज त्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे पुढची वाट मोकळी होईल. १९४८ च्या कारखाना अधिनियमात ४५ वं कलम होतं. दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी, ती कामाच्या सगळ्या वेळात हाताशी हवी, तिच्यात ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरं काही ठेवायचं नाही, आणि पाचशेच्या वर कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष हवा. पण त्या कलमातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य पेटीविषयी नव्हतं, माणसाविषयी होतं. प्रत्येक पेटी एका स्वतंत्र, जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी, त्याच्याकडे प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असावं आणि तो कामाच्या वेळात जागेवर सापडावा. पेटी ही वस्तू आहे, प्रथमोपचार हा माणूस आहे, एवढं त्या कायद्याला कळलेलं होतं. पुढे भोपाळ झालं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या त्या रात्री लोक वाऱ्याच्याच दिशेनं धावले, कारण तोंडावर ओला फडका धरा आणि वाऱ्याला आडवे निघा, एवढं साधं त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा तयार करून तो कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला माहीत करून देण्याची सक्ती आली. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमावलीत तर दर सहा महिन्यांनी त्या आराखड्याची रंगीत तालीम घेण्याचा नियम आहे.

आता तो जुना कायदा राहिलेला नाही. २०२० साली संसदेनं संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. पेटी तिथेही आहे, पाचशे कामगारांचा कक्षही आहे. फरक आहे तो उंबरठ्याचा. मूळ केंद्रीय कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना होई. आता त्यासाठी वीस लागतात. दहा माणसं असली तर ‘आस्थापना’ म्हणून काही तरतुदी लागू होतात. त्याच्याखाली मात्र मोकळं रान.

हा उंबरठा आमच्या भागात फार बोचतो. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात जाऊन बघा. गाळ्याला गाळा लागून आहे. कुठे प्लॅस्टिकचं मोल्डिंग, कुठे पॉवर प्रेस, कुठे पॅकिंग. एका गाळ्यात सहा माणसं, शेजारच्या गाळ्यात आठ, त्यातली निम्मी ठेकेदाराची. अपघाताला मात्र गाळ्यात किती माणसं आहेत याच्याशी कर्तव्य नसतं. प्रेसखाली बोट सापडायला एकच माणूस पुरतो.

तरुणपणी मी त्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात हजेरी लिहायच्या कामावर होतो. नाव सांगायचं कारण नाही, आता तिथे दुसरंच काही चालतं. पेटी होती, छान पांढरी. कुलूप लावलेली. कारण उघडी ठेवली की डोकेदुखीच्या गोळ्या आणि पट्ट्या आठवड्यात संपायच्या. किल्ली शेठच्या टेबलाच्या खणात, आणि शेठ बहुतेक वेळा मुंबईत. तपासणी असली की ती उघडायची. एकदा रात्रपाळीला एका मुलाच्या बोटाचं पेर तुटलं. कुलूप तोडेपर्यंत कुणीतरी आपल्या बुद्धीनं ते पेर बर्फाच्या ग्लासात टाकून दिलं. सगळ्यांना वाटलं, हुशारी केली. रुग्णालयातल्या डॉक्टरनं ते पाहिलं आणि मान हलवली. थेट बर्फात आणि पाण्यात राहून पेशी मेल्या होत्या.

बरोबर रीत काय, ती इथेच सांगून टाकतो. तुटलेला भाग स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळायचा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फाचा त्या भागाला स्पर्श नको. आणि त्याच्याही आधी, जखमेवर कापडाची घडी ठेवून हातानं घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. ही माहिती द्यायला पाच मिनिटं लागली नाहीत. त्या मुलाला मिळाली असती तर त्याचं पेर जोडलं जाण्याची निदान आशा तरी होती.

आपल्याकडे प्रथमोपचार येत नाही असं नाही. उलट फार येतो, आणि अडचण तीच आहे. फेफरं आलेल्याला कांदा हुंगवायचा, चप्पल हुंगवायची, दातात चमचा घालायचा. भाजलं की टूथपेस्ट, शाई, तूप. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी. साप चावला की वर करकचून दोरी. बुडालेल्याला उलटा धरून पोटातलं पाणी काढायचं. यातली प्रत्येक गोष्ट प्रेमानं केली जाते आणि प्रत्येक गोष्टीत वेळ जातो, कधी जीव जातो. भाजलेल्या जागेवर वीसेक मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही. फेफऱ्यात आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ, आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्यालाही कुशीवरच ठेवायचं, म्हणजे जीभ किंवा उलटी श्वासनलिकेत अडकत नाही. प्रशिक्षणात निम्मा वेळ नवं शिकण्यात जातो आणि निम्मा जुनं विसरण्यात, हे जे सांगतात ते खरं आहे.

सगळ्यांत कठीण विसरायची गोष्ट म्हणजे धाव. कुणी संकटात दिसला की उडी टाकायची, हे आपल्या रक्तात आहे, आणि ते चांगलंच आहे. पण ९ एप्रिल २०२४ ची गोष्ट घ्या. विरार पश्चिमेला, ग्लोबल सिटीत, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत चार कामगार गुदमरून गेले. आधी उतरलेल्याचा आवाज येईना म्हणून त्याच्यामागे बाकीचे उतरले, अशी हकीकत तेव्हाच्या बातम्यांत आली होती. म्हणजे मरण एकाचं होतं, आपुलकीनं ते चौघांचं केलं. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं १९८६ सालीच इशारा दिला होता की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. सुरक्षासाधनांशिवाय गटार किंवा मैलाटाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. तरी दर काही महिन्यांनी बातमी असतेच.

हे होतं कसं, ते समजून घेतलं पाहिजे. साध्या हवेत प्राणवायू जवळजवळ एकवीस टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. दहाच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो, आणि बेशुद्ध होण्याआधी त्याला धाप लागेलच, घुसमट होईलच असं नाही. तो सरळ कोसळतो. कुजणाऱ्या घाणीतून येणारा हायड्रोजन सल्फाइड तर त्याहून कपटी. थोडा असला की सडलेल्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं, हवा सुधारली. म्हणून नियम असा, की खाली माणूस पडला तर आपण उतरायचं नाही. आरडाओरडा करायचा, अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर कळवायचं, जमेल तशी हवा आत सोडायची, कमरेला दोर आधीपासून बांधलेला असेल तर वरून ओढायचं. आणि तो दोर बांधल्याशिवाय पहिल्या माणसाला उतरूच द्यायचं नाही. आपल्या भावाला खाली तडफडताना बघत वर उभं राहणं काय असतं, ते मी जाणतो असं म्हणणार नाही. पण तालीम असते ती याचसाठी. त्या क्षणी विचार सुचत नाही, सवय तेवढी सुचते.

आणि इथे मला अर्नाळ्याला यावं लागतं.

वैतरणेच्या मुखाशी, समोर किल्ला घेऊन बसलेलं हे कोळ्यांचं गाव. किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, वसईच्या दोन वर्षं आधी. आजही किल्ल्याच्या बेटावर वस्ती आहे आणि तिथली माणसं होडीनं ये-जा करतात. सुरूच्या बनात सुट्टीच्या दिवशी मुंबईची गर्दी, रिसॉर्टं, आणि गावाच्या अंगाला वाळत घातलेले बोंबील. इथे कारखान्याचा भोंगा नाही, म्हणून कामाच्या ठिकाणची सुरक्षितता म्हटलं की अर्नाळा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण बोट हे कामाचं ठिकाण नाही तर काय आहे? तिच्यात इंजिन आहे, फिरता पट्टा आहे, जाळी ओढायचा विंच आहे, गॅसची शेगडी आहे, ओली फळी आहे आणि चारी बाजूंनी पाणी आहे. आणि बोटीच्या पोटात मासळीचा कप्पा आहे. बर्फ वितळलेलं, तळाशी मासळीचं पाणी साठलेलं, झाकण दोन दिवस बंद. त्या कप्प्यात आणि विरारच्या त्या टाकीत, हवेच्या दृष्टीनं फार फरक नसतो. कुजणारी मासळी प्राणवायू खाते आणि तोच वायू सोडते. धक्क्यावर लागलेल्या बोटीचा कप्पा साफ करायला उतरलेला खलाशी कोसळतो, त्याच्यामागे दुसरा उतरतो. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय, आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय उतरायचं नाही, एवढी सवय प्रत्येक तांडेलानं लावली तरी खूप झालं.

पाच-सात माणसांची बोट कायद्याच्या कुठल्याच उंबरठ्यात बसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं मात्र २००७ साली मच्छीमारांच्या कामाविषयी एक करार केला, क्रमांक १८८. तो २०१७ मध्ये अमलात आला. त्याचं २९ वं कलम वाचताना मला जुन्या ४५ व्या कलमाची आठवण झाली. बोटीवर औषधोपचाराचं साहित्य असावं, निदान एका मच्छीमाराला प्रथमोपचार शिकवलेला असावा, आणि किनाऱ्याशी बोलायचं साधन असावं. पुन्हा तेच, पेटी आणि माणूस. भारतानं या कराराला मान्यता दिलेली नाही. गंमत बघा, १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला नौदलाच्या ताफ्यात एक पाणबुडीविरोधी युद्धनौका दाखल झाली, तिचं नाव ‘अर्नाळा’, याच किल्ल्यावरून दिलेलं. युद्धनौकेवर औषधोपचाराची सोय असतेच. त्याच नावाच्या गावातल्या बोटीवर बऱ्याचदा हळदीची पुडी असते.

गावात काही झालं तर विरार आठ-दहा किलोमीटर. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण रविवारी संध्याकाळी आगाशीच्या रस्त्यावरची गर्दी पाहिलेल्या माणसाला गणित सांगायला नको. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही धावली तरी ही पहिली मिनिटं शेजारी उभ्या असलेल्याचीच असतात. छातीच्या मधोमध, तळहाताच्या टाचेनं, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. तीस दाब, दोन श्वास. हे ऐकून येत नाही. बाहुलीवर हात दाबून बघितल्याशिवाय पाच सेंटिमीटर म्हणजे किती जोर, ते कळत नाही, आणि कळल्यावर माणूस चकित होतो, एवढा दाब? एवढाच.

समुद्रकाठच्या माणसांसाठी इथे एक वेगळी सूचना आहे. झटका येऊन कोसळलेल्या माणसाच्या रक्तात अजून प्राणवायू असतो, म्हणून अनोळखी माणूस असेल आणि श्वास द्यायला मन धजत नसेल तर नुसते दाब देत राहिलं तरी चालतं. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचा प्राणवायूच संपलेला असतो. त्याला श्वास हवाच, आणि तोही आधी. पोट दाबून पाणी काढत बसलं तर उलटी होऊन तीच श्वासनलिकेत जाते. हा फरक शहरातल्या कार्यालयात घेतलेल्या वर्गात दोन वाक्यांत उरकतात. अर्नाळ्यात, कळंबला, राजोडीला त्याच्यावर अख्खा तास द्यायला हवा. प्रशिक्षण जागेप्रमाणे बदललं पाहिजे, असं मला वाटतं. गाळ्यातल्या मुलाला समुद्रसाप शिकवून काय करणार, आणि खलाशाला लिफ्टमधली सुटका शिकवून काय करणार?

प्रशिक्षण मिळतं कुठे? सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस या दोन जुन्या संस्था. सेंट जॉनच्या वर्गांना १८७७ पासूनची परंपरा आहे. प्रमाणपत्र साधारण तीन वर्षांपुरतं असतं. हात मात्र त्याच्या आधीच विसरतात, काही महिन्यांतच, असं अभ्यास सांगतात. त्यामुळे फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राची तारीख बघत जा. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस येतो. कारखान्यांत बिल्ले लावतात, शपथ घेतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. मीही अशा एक-दोन स्पर्धांचा परीक्षक होतो आणि यमकं उत्तम होती. त्या दिवशी घोषवाक्याऐवजी मागचं दार उघडतं का एवढं पाहिलं तर? २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून किमान १३ कोविड रुग्ण दगावले. जिथे डॉक्टर, औषधं, प्राणवायू सगळं आहे अशा जागीही आगीच्या वेळी कुणी काय करायचं हा प्रश्न वेगळाच असतो. गाळ्यांमध्ये तर मागच्या दारासमोर मालाच्या गोणी असतात आणि आग विझवायच्या सिलिंडरवर कामगारांचे डबे टांगलेले. सिलिंडरची पिन आधी ओढायची असते, हे माहीत असलेला माणूस दर पाळीला एक तरी हवा.

अर्नाळ्याला एक सोय आहे, जी गाळ्यांना नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला, माणसं गावात. दोन महिने. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयन, इंजिनाची देखभाल शिकवतातच. मच्छीमार सोसायटीनं मनावर घेतलं तर नारळी पौर्णिमेच्या आत प्रत्येक बोटीमागे एक माणूस तयार होईल. पेटीत फार काही नको. निर्जंतुक घड्या, रुंद पट्ट्या, तिकोनी कापड, कात्री, हातमोजे, जंतुनाशक, आणि हे सगळं पाणी न शिरणाऱ्या डब्यात. डब्याला कुलूप नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर झाकणाच्या आतून रंगवलेला, कारण कागद भिजतो.

समुद्रसापाचं इथेच सांगतो. जाळ्यातून मासळी निवडताना तो हाताला चावतो, दुखत फारसं नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, समुद्रसाप तिच्यात नाही. तरीही रुग्णालय टाळायचं नाही, कारण श्वासाचे स्नायू लुळे पडले तर यंत्रावर ठेवून माणूस वाचवता येतो. दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, हात फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि बोट किनाऱ्याकडे वळवायची.

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर मात्र इलाज बोटीवरच असतो. जुने खलाशी जखमेला शेक द्यायचे, आणि या बाबतीत ते बरोबर होते. त्या विषाचा जोर उष्णतेनं मोडतो. शेगडीवर पाणी तापवायचं, सोसवेल इतकं गरम, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि पाय किंवा हात त्यात अर्धा ते दीड तास, कळ थांबेपर्यंत बुडवून ठेवायचा. काटा खोल रुतला असेल, आणि छातीत-पोटात असेल तर नक्कीच, उपटायचा नाही, तसाच डॉक्टरपर्यंत न्यायचा. पाणी किती गरम आहे ते जखमी माणसाला विचारायचं नाही. कळेनं त्याचा हात बधिर झालेला असतो, तो ‘अजून ओता’ म्हणतो आणि कातडी भाजून बसते. दुसऱ्यानं आपला हात आधी बुडवून बघायचा.